बग फिक्सिंग

कुत्र्याच्या पिल्लाला शी-शूची सवय कशी लावावी यावर इंटरनेटवर ढिगाने माहिती आहे. वाचायला बसलात तर रात्र पुरणार नाही. पण त्या सगळ्या माहितीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मागचं अंगण. पिल्लू उठलं की त्याला मागच्या अंगणात न्या, जेवलं की मागच्या अंगणात न्या. आता लालबागच्या चाळीत मागचं अंगण कुठून आणायचं? आमच्या मागे दुसरी चाळ आहे आणि तिच्या मागे टॉवर.

ज्यांनी चाळ फक्त सिनेमात पाहिलीय त्यांच्यासाठी थोडा नकाशा देतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोली १८० चौरस फूट. आई-बाबा पोटमाळ्यावर झोपतात, आजी खाली खाटेवर, धाकटी बहीण खाटेशेजारी आणि मी दाराजवळ गादी टाकून. खोलीत एका कोपऱ्यात मोरी. संडास गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याला मिळून चार. म्हणजे जिथे माणसांनाच बादली घेऊन रांगेत उभं राहावं लागतं, तिथे सहावा मेंबर आणायचा आणि त्याला सांगायचं, बाबा रे, जागच्या जागी करू नकोस.

तर हा सहावा मेंबर आला ६ जुलै २०२५ ला. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि रविवार. बहीण दादरहून येताना ओढणीत गुंडाळून काहीतरी घेऊन आली. ते काहीतरी म्हणजे दोनेक महिन्यांचं गावठी पिल्लू, विटकरी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. आई गाडीखाली गेली होती म्हणे. नाव ठेवायचा मान घरातल्या इंजिनिअरला मिळाला. लालबागचा म्हणून 'बाग', आणि येता क्षणी बाबांच्या चपलेवर जे केलं त्यावरून 'बग'. आजीने नाव ऐकलं आणि ती त्याला 'बघ' म्हणायला लागली. "बघ, हंय ये" म्हटलं की तो तिच्याकडे जातो आणि बाकी सगळे उगाच इकडे तिकडे बघतात :-)

बाबांनी त्याच रात्री निकाल दिला. आमच्याकडे गणपती येतो, पाच दिवसांचा. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. "तोपर्यंत घरात घाण करायची थांबला तर राहील. नाहीतर गावी काकांकडे." बाबांच्या 'नाहीतर'ला आमच्या घरात अपील नाही. मी कॅलेंडर उघडून मोजले, ५२ दिवस. क्लायंटने यापेक्षा वाईट डेडलाइन दिलेल्या आहेत, पण तिथे रिक्वायरमेंट निदान इंग्रजीत तरी लिहिलेली असते.

दुसऱ्या दिवशी त्याला परळला घेऊन गेलो. पाटीवर 'बाई साकरबाई दिनशा पेटिट' असं मोठं नाव आहे, पण आमच्याकडे कोणीही टॅक्सीवाल्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' एवढंच सांगतो. नाव कसं पडलं हे लहानपणापासून कुतूहल होतं. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी संस्था निघाली. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांची ट्रामही सुरू झाली. ओझी बैल ओढत होते, माणसं घोडे ओढत होते आणि म्हातारे, जखमी झाले की रस्त्यावरच पडत होते. सर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाने पैसे दिले, बायकोचं नाव दिलं आणि १८८४ मध्ये हॉस्पिटल उघडलं. १८८६ मध्ये तिथे पशुवैद्यकीय कॉलेजही आलं. गिरण्या गेल्या, बैल गेले, ट्राम तर कधीच गेली, पण बैलघोडा अजून चालू आहे आणि तिथल्या बाकावर मांडीवर मांजर किंवा कुत्रा घेऊन बसलेला अर्धा गिरणगाव भेटतो.

डॉक्टरांनी बगला पहिलं इंजेक्शन दिलं आणि मला एक अट घातली. लशींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही. पार्व्हो नावाचा विषाणू दुसऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लहान पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. त्यात पावसाळा, म्हणजे साचलेल्या पाण्यातून लेप्टो. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर.

म्हणजे प्रॉब्लेम स्टेटमेंट असं झालं: खाली न्यायचं नाही, अंगण नाही, संडास कॉमन, आणि खोली अशी की कुठल्याही कोपऱ्यापासून देव्हारा सहा पावलांवर.

यानंतर मी तेच केलं जे कुठलाही आयटीवाला करेल. एक्सेल शीट उघडली. वेळ, जागा, काय केलं, त्याआधी काय चाललं होतं. घरातले हसले, पण चार दिवसांत पॅटर्न दिसायला लागला. पिल्लू मनात येईल तेव्हा करत नाही. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत, आणि मस्ती करता करता मध्येच थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की अर्ध्या मिनिटात. खाल्ल्यानंतरचं कारण तर माणसातही तेच आहे. पोटात अन्न पडलं की आतड्यांना पुढे सरका असा निरोप जातो. (सकाळच्या चहानंतर चाळीतली रांग का वाढते, याचं हे शास्त्रीय उत्तर.) एक ढोबळ हिशोब असाही आहे की पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, फार तर तितके तास ते दिवसा रोखून धरू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेसुद्धा नशीब चांगलं असेल तर. त्यापुढे त्याने खोलीत केलं तर तो हट्ट नाही की खोडी नाही, तेवढी टाकीच असते त्याची.

आता जागा. आईचं म्हणणं होतं मोरी. पाणी तिथेच, निचरा तिथेच, लॉजिक बरोबर. पण मोरीला लागून पिण्याचं पिंप आणि ओटा, त्यामुळे आजीचा व्हेटो. मग शेजारच्या काकांनी सुचवलं, पेपर अंथर. यावर डॉक्टरांनी आधीच सावध केलं होतं. साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापासून पिल्लू पायाखाली काय लागतं यावरून आपली जागा ठरवायला लागतं. ज्याला पेपरची सवय लागते त्याच्यासाठी प्रत्येक पेपर म्हणजे संडास. आणि आमचे बाबा रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून, वर ओणवे होऊन वाचतात. तो धोका परवडणारा नव्हता.

शेवटी दाराबाहेर गॅलरीत, आमच्याच भिंतीला लागून, एक उथळ प्लास्टिकचा ट्रे ठेवला. त्यात कुंडीची माती आणि काथ्या. पुढे खाली न्यायला लागलो की मातीचीच ओळख उपयोगी पडणार होती. मजल्यावरच्या सगळ्यांना आधी विचारलं. १५ ऑगस्टपर्यंत बघू, वास आला तर काढायचा, असं ठरलं. प्राण्यांना पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, अशा केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना २०१५ पासून आहेत. पण कॉमन गॅलरीत त्या सूचनेचं प्रिंटआउट घेऊन फिरण्यापेक्षा रोज सकाळी ट्रे स्वतः साफ करताना दिसणं जास्त कामाचं.

ट्रे ठेवला, बगला त्यात उभा केला, आणि तो माती खायला लागला.

इथे प्रोजेक्टमध्ये आजीची एंट्री झाली. आजी ८४ वर्षांची. चार मुलं, सात नातवंडं वाढवलेली. ती गॅलरीत स्टुलावर बसली आणि बगकडे बघून तिने तोच आवाज काढला जो आपल्या सगळ्यांच्या आयांनी मोरीवर पायांवर धरून काढलेला आहे: शूऽऽऽ. मला हसू आलं. आजी म्हणाली, "हसतंस काय? तू पण ह्याच आवाजार शिकलंस."

आणि हे अगदी बरोबर आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचा प्रयोग आपण बारावीला पाठ केला, पण आपल्याकडच्या बायका तो पिढ्यान् पिढ्या मोरीवर करत आल्यात. बाळ करत असतानाच आवाज काढायचा. असं पुष्कळदा झालं की आवाज आणि क्रिया जोडली जाते. मग आधी आवाज, नंतर क्रिया. बगने ट्रेमध्ये सुरुवात केली की आजी शूऽऽ करायची आणि संपताक्षणी मी त्याच्या तोंडात बक्षीस घालायचो. संपताक्षणीच, कारण कुत्रा बक्षीस जोडतो ते शेवटच्या एक-दोन सेकंदांशी. घरात येऊन डबा उघडून दिलंत तर तो घरात येण्याचं बक्षीस समजतो. उकडलेलं चिकन द्यायचा विचार होता, पण २५ जुलैला श्रावण लागला आणि बगला पनीरवर भागवावं लागलं. त्याची काही तक्रार नव्हती.

ऑगस्ट उजाडेपर्यंत शीटमध्ये खोलीतल्या नोंदी दिवसाला एकावर आल्या. काही दिवस तर शून्य.

शेजारच्या काकांचा मात्र एकच उपाय होता: जिथे केलंय तिथे नाक घासा आणि दोन द्या. हा उपाय आपल्याकडे जवळजवळ परंपरा आहे. अडचण अशी की दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्याचा आणि आत्ताच्या फटक्याचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर केलं की मार पडतो. मग ते करायचं थांबवत नाही, माणसासमोर करायचं थांबवतं. खाटेखाली जातं, कपाटामागे जातं. "पण बघ ना, तोंड कसं पाडतो, त्याला कळतं" असं काका म्हणायचे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच्यावरच प्रयोग प्रसिद्ध केला. १४ कुत्रे, समोर खाऊ, मालकाने 'खायचं नाही' सांगून बाहेर जायचं. मग कधी कुत्र्याने खाल्लेलं असायचं, कधी नसायचं, आणि मालकाला खरं-खोटं काहीही सांगितलं जायचं. पडलेले कान, चोरटी नजर, खाली गेलेली शेपूट हे सगळं कुत्र्याने खाल्लंय की नाही यावर अवलंबून नव्हतंच. मालक रागावला की ते दिसायचं. आपण ज्याला अपराधी चेहरा म्हणतो तो प्रत्यक्षात आपल्या रागाला घाबरलेला चेहरा असतो.

ऑगस्ट हा एकूणच कुत्र्यांचा महिना होता. ११ तारखेला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासचे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला आणि आमच्या गॅलरीत दोन पक्ष पडले. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस देऊन कुत्रे त्यांच्याच भागात परत सोडा, रेबीज झालेले किंवा हल्ला करणारे सोडून. मुंबईला हा वाद नवा नाही. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले होते आणि दुकानं बंद करून त्यांनी इंग्रजांचं खाणंपिणं अडवलं होतं. कुत्र्यांसाठी मुंबईत दंगल झालीय हे मी गॅलरीत सांगितलं तर कोणाला खरं वाटेना.

दोन आदेशांच्या मध्ये पाऊस होता. १८ आणि १९ ऑगस्टला मुंबई तुंबली, शाळा बंद, ऑफिसं घरून. गॅलरीत पाणी उडत होतं, ट्रेमधल्या मातीचा चिखल झालेला, टोकाकडचा दिवा गेलेला. आणि याच आठवड्यात प्रकरण बिघडलं. पहाटे खोलीत डबकं. खाट आणि दार यांच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी बाबांचा पाय पडला. चतुर्थीला एक आठवडा राहिला नव्हता. बाबा हातात फडकं घेऊन उभे आणि आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. "बस्स झालं. रविवारी याला गाडीत घालायचं."

आता शीट काय सांगत होती ते सांगतो. बग रात्री भाजीवाल्याच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये झोपतो, वर जाळी, जाळीवर वजन, क्रेट माझ्या उशाशी. कुत्रा शक्यतो झोपायची जागा घाण करत नाही, म्हणून ही व्यवस्था. साडेअकराला ट्रे, तीनला अलार्म लावून ट्रे, सहाला ट्रे. त्या रात्री तीनची नोंद होती. डबकं पाचचं होतं. क्रेट बंद होता आणि बग आत होता.

खोलीत बगखेरीज आम्ही पाच माणसं. मी खाटेकडे बघितलं. आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि लुगड्याचा काठ हाताने पिळत होती. मला ते हिशोब पूर्ण करायचे नव्हते. बोललो तर आजीचं काय होईल आणि नाही बोललो तर बगचं काय, हे दोन्ही एकाच क्षणी डोक्यात आलं. मी काही बोलायच्या आत आजीच बोलली. भिंतीकडे बघूनच.

"तेका खंय धाडू नको. ता माझा आसा."

बाबा तसेच उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी स्वतः लादी पुसली. एक शब्द नाही.

नंतर हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन-तीन आठवडे आजीला रात्री घाईने लागत होतं. गॅलरी ओली, दिवा गेलेला, टोकापर्यंत चाळीस पावलं आणि गुडघे साथ देत नाहीत. कोणाला उठवायचं म्हणजे लाज. म्हणून तिने संध्याकाळनंतर पाणी प्यायचं बंद केलं होतं. डॉक्टरांनी हेच आधी विचारलं, कारण खूप म्हातारी माणसं असंच करतात आणि त्याने उलट होतं. पाणी कमी, लघवी गडद, मूत्राशयाला जळजळ, इन्फेक्शन, आणि मग आणखी घाई. तपासणीत इन्फेक्शन निघालंच. गोळ्या सुरू झाल्या आणि दिवसभर नीट पाणी प्यायची सक्ती.

बाबा त्याच संध्याकाळी केईएमजवळच्या सर्जिकल सामानाच्या दुकानातून कमोडची खुर्ची घेऊन आले. मोरीशेजारी ठेवली, पुढे आईच्या जुन्या साडीचा पडदा. गॅलरीतला दिवा मजल्याने वर्गणी काढून त्याच दिवशी बदलला. बगच्या रविवारच्या गाडीचा विषय परत निघाला नाही.

हे लिहिण्याआधी मी आजीला विचारलं. चारचौघांत जाईल, चालेल का? तिने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "लिव मरे. तेच्यात काय इला? सगळ्यांकाच लागता."

मला मात्र तेव्हापासून राहून राहून वाटतं की पिल्लासाठी आपण किती करतो. शीट बनवतो, अलार्म लावतो, रागावू नका म्हणून परदेशातले प्रयोग सांगतो, मातीचा ट्रे दाराशी आणून ठेवतो. आजीसाठी हे सगळं सुचायला आधी पिल्लू यावं लागलं. घाबरलेलं पिल्लू खाटेखाली जातं आणि लाजलेलं माणूस पाणी सोडतं. दोघांनाही ओरडून काही होत नाही, जागा जवळ आणावी लागते.

गणपती आला. बगने पाच दिवसांत एकदाच गोंधळ घातला, तोही गॅलरीत, खाली ढोल सुरू झाल्यावर. लालबागमध्ये त्या दिवसांत रस्त्यावर माणसाला उभं राहायला जागा नसते, त्यामुळे त्याला खाली नेणं अनंत चतुर्दशीनंतरच सुरू झालं. शीट मी आणखी चार महिने ठेवली. पिल्लू पूर्ण भरवशाचं व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात, मध्ये दोन-चार दिवस सगळं विसरल्यासारखंही करतं. घाबरू नका, वेळापत्रक परत सुरू करा. आणि फिनाईल वापरू नका. आपल्या नाकाला वास गेलाय असं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला जात नाही आणि तो परत तिथेच करतो. शिवाय पंजे चाटतो, ते विषारी. एन्झाइमचे क्लीनर मिळतात, ते घ्या.

आता बग मोठा झालाय. महापालिकेचं लायसन्स आहे, गळ्यात बिल्ला आहे, दिवसातून तीनदा खाली जातो. मी पिशवी आणि जुनं पुठ्ठं घेऊन मागे. रात्री आजी खुर्चीसाठी उठली की तोही उठतो, पडद्याबाहेर बसून राहतो आणि ती परत खाटेवर टेकली की झोपतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

असो. सोमवारी रिलीज आहे आणि खालून शिट्टी ऐकू येतेय, म्हणजे बहीण त्याला घेऊन आली. पुढच्या शनिवारी भेटू.